चूलबंद आवतण

भामा : एकदा नाय म्हटलं, काशिराम. आता आणखी कितीदा म्हणू? आणि ती गाडी काढ पुढून. सोडे वाळत घातलेत, तुझ्या गाडीची सावली पडतेय त्यांच्यावर.

काशिराम : गाडी काढायला सांगतो. पण तू ऊठ, आते. हातपाय धू, लुगडं बदल. मांडवात बायका खोळंबल्यात. हळकुंडं जात्यापाशी तशीच पडून आहेत. धवलारीण आल्याशिवाय जात्याला हात लावणार नाही म्हणतात.

(पनवेलजवळचा तिवरपाडा. खाडीकाठी कोळ्यांची चार घरं इकडे, चार तिकडे. दुपार कलती. काशिराम नाखवा तीन वेळा निवडून आलेला आमदार. पण भामाआतेने अजून बस म्हटलेलं नाही, म्हणून तिच्या ओट्याखाली उभाच. संध्याकाळी पनवेलला त्याच्या लेकीची, कोमलची हळद. हळदीला देवांना, पितरांना, गावाला धवले गाऊन बोलवायचं काम धवलारणीचं, आणि भामासारखी धवलारीण तालुक्यात दुसरी नाही. ती आली नाही तरी हळद लागते म्हणा. पण लागली असं कुणी म्हणत नाही.)

भामा : दुसरी बघ. उरणात दोघी हायत.

काशिराम : त्या मोबाइलमध्ये बघून गातात.

भामा : मग काय झालं? तुमच्या विधानसभेत तरी कुठं पाठ असतं?

काशिराम : बरं, बोल. काय बोलायचं ते बोलून घे. पण पोरीवर राग नको काढू.

भामा : पोरीवर कशाला राग? तिच्या बापाच्या हळदीला मीच गायले. तिच्या आजीच्या शेजारी टोपली घेऊन पनवेलच्या बाजारात मीच बसले. पोरगी माझी हाय.

काशिराम : मग?

भामा : मग काय. नाय येत.

काशिराम : थांब, फोन आहे. ...हां, बोला कृष्णकांत. हो, मंत्रिमहोदय आठनंतर येतील. त्यांच्यासाठी मधला सोफा. नाही नाही, भामाबाई निघाल्यात. हो, मी स्वतः घेऊन येतोय. लुगडं बदलतायत.

भामा : कोण लुगडं बदलतंय?

काशिराम : आते, हळू! ...नाही, तुम्हाला नाही. ठेवा.

भामा : जिभेला हाड नाय म्हणतात ते उगाच नाय.

काशिराम : माझा सेक्रेटरी पुण्याचा माणूस. त्याला काय सांगू, आमच्यात एका म्हातारीने मान हलवली की लग्न अडतं? आणि तालुका काय म्हणेल, ते बघ तरी. दर हळदीला तू गाणार आणि मी येणार, अशी इतकी वर्षं गेली. लोक मांडवात शिरले की आधी तुला बघतात. आज माझ्याच मांडवात तू नाहीस म्हटल्यावर उद्या पेपरला नाही आलं तरी माशांच्या बाजारात येईल.

भामा : अस्सं. म्हणजे धवलारीण नको हाय तुला. साक्षीदार हवी हाय.

काशिराम : तसं नाही.

भामा : तसंच हाय. तू मास्तरकी सोडलीस, सरपंच झालास, मग जिल्हा परिषद, मग आमदार. मतं कुणी दिली? बायकांनी. बायकांना कुणी सांगितलं? देव बोलावून झाले, पितर बोलावून झाले, की मी तुझं नाव घ्यायची. यालाच मत द्या, असं धवल्यात घुसडायची. भटजीने मंत्रात घुसडलं असतं तर मांडव हसला असता. मला कुणी हसलं नाय. कारण तू तसा होतास.

काशिराम : आणि मी काय नुसता बसून राहिलो? नळ कुणी आणला पाड्यात? शाळेला स्लॅब? जेट्टी?

भामा : जेट्टी आणलीस, खरं हाय. आता जेट्टी ऱ्हाईल आणि खाडी जाईल. सकाळी उठून जेट्टीवर बसायचं आणि मातीकडे बघायचं.

काशिराम : भराव मी टाकत नाही. द्रोणागिरीकडच्या गोदामांना जोडरस्ता पाहिजे, तो ठेकेदार टाकतोय. आणि त्याच्यावर विधानसभेत लक्षवेधी कुणी लावली? मीच ना? लक्षवेधी लागली, चर्चा झाली, की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. स्थगिती मिळाली असती.

भामा : मिळाली असती. आमाला तेच वाटलं. सगळा पाडा या ओट्यावर बसला होता त्या दिवशी. सुनेने टोपली उपडी केली, तिच्यावर मोबाइल उभा केला. बायांनी डोक्यावर पदर घेतले, देवाचं चाललंय जसं काय. खुर्चीवरच्या माणसाने नाव घेतलं, सन्माननीय सदस्य श्री. काशिराम नाखवा. आमी सगळी पुढे सरकलो. परत घेतलं. मग म्हणाला, सदस्य अनुपस्थित, पुढचा विषय. आणि पुढचा विषय काय होता, ठावं हाय? माकडांचा. कुठल्या गावात माकडं नारळ फोडतात. माकडांचा आमदार हजर होता, काशिराम.

काशिराम : किती वेळा सांगू? कोमलची पत्रिका द्यायला मंत्र्यांच्या दालनात गेलो होतो. गेलो आणि आलो, असं म्हणून गेलो. तिथे कामकाज कधी रेंगाळतं, कधी धावतं, याचा नेम नसतो. विषय आधी निघाला. लग्नघरात होतात चुका. तुझ्या मुलीच्या लग्नात तांदूळ संपले होते, मी बोललो होतो काय?

भामा : पहिली पत्रिका कुणाला देतात?

काशिराम : गावदेवीला.

भामा : आणि तू?

काशिराम : देवीला दिली ना नंतर.

भामा : ही कोण रिक्षातून उतरतेय? ...अगो, कोमल! हळदीची नवरी घराभायेर! तुझ्या आईला काय वेड लागलं?

कोमल : आईला माहीत नाही, आजी. पाणी दे जरा. पप्पा, तुम्ही फोन घ्या आईचा, ती रडायला आलीय.

काशिराम : तू कशाला आलीस? बस गाडीत. ताबडतोब.

कोमल : आजीला काय सांगताय, ते ऐकायला आले. पत्रिकेचं सांगून झालं?

काशिराम : कोमल, घरी चल.

कोमल : झालं वाटतं. आजी, त्या दिवशी मी तिथेच होते. पप्पांनीच नेलं होतं, दोघांनी मिळून पत्रिका देऊ म्हणून. पत्रिका सकाळीच देऊन झाल्या होत्या. सगळ्या. एकही उरली नव्हती. मग पप्पा म्हणाले, आता वर गॅलरीत बस आणि तुझा बाप कसा बोलतो ते बघ.

काशिराम : कोमल, पुरे.

कोमल : मला वरून सगळं दिसत होतं. पप्पा जागेवर होते, हातात कागद होता, पाणी पीत होते. मग एक माणूस येऊन त्यांच्या कानाला लागला. तो गेला. पप्पांनी कागद घडी करून खिशात घातला आणि उठले. मला वाटलं, बाथरूमला चाललेत. तेवढ्यात नाव पुकारलं. आणि पप्पा कुठे गेलेच नव्हते, आजी. लॉबीच्या दारात उभे होते.

भामा : नाव ऐकत?

कोमल : दोन्ही वेळा. मला वाटलं, वरून ओरडावं, अहो, आहेत ते! पण तिथे खोकलं तरी बाहेर काढतात. मी गप्प बसले. तेव्हापासून झोप नाही मला.

भामा : काशिराम, खरं हाय?

काशिराम : काय सांगू?

भामा : पोरगी खरं बोलतेय की खोटं, एवढंच सांग.

काशिराम : खरं बोलतेय. ...तुम्हाला दोघींना काय ठाऊक तिथे काय असतं ते! तीन वेळा निवडून आलो आणि तीनही वेळा मागच्या बाकावर. हात वर करून करून खांदा दुखतो, तरी खुर्चीवरच्याचं लक्ष जात नाही. ज्यांना मी शाळेत बाराखडी शिकवली ते पुढे बसलेत. आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी येऊन म्हणालं, काशिरामभाऊ, मंत्रिमंडळाचा विस्तार होतोय, यादीत तुमचं नाव आहे, आज फक्त हा विषय टाळा. टोपलीवालीचा पोरगा मंत्री, आते! आईचा चेहरा आला माझ्या डोळ्यांपुढे. मंत्री झालो असतो तर एक सोडून दहा खाड्या सोडवल्या असत्या.

भामा : खाडी काय टोपलीतला बोंबील हाय, एक मांजराने नेला तर दुसरा काढायला?

काशिराम : तू मला कधी समजून घेणार नाहीस.

भामा : तुला मी नाय तर कोण समजून घेणार? पाड्याच्या आंदोलनात पोलीस घरोघर शोधत होते, तेव्हा कणगीत कोण घातलं तुला? भाताच्या कणगीत तू, वर झाकण, झाकणावर मी. आणि बसून धवले गातेय. हवालदार दारात उभा राहून विचारतोय, काशिराम नाखवा आहे का घरात? मी म्हटलं, लगीन हाय, दिसत नाय काय? त्या दिवशी तू नाव ऐकून गप्प बसलास ते बरोबर होतं. आमच्यासाठी बसला होतास.

काशिराम : बरं, मी खोटारडा. झालं? आता कोमलची हळद तरी गोड कर. आणि पाड्याला मी विसरलो, असं म्हणू नकोस. या वेळी घरटी चूलबंद आवतण दिलंय. एकाही घरात चूल पेटता कामा नये. म्हातारी-कोतारी, पोरंटोरं, घरातली पाहुणी, सगळी माझ्या मांडवात जेवतील. सातला दोन बस येतायत पाड्यात. मंत्र्याच्या आधी पाड्याची पंगत बसवणार आहे मी. आजवर कुठल्या आमदाराने केलंय?

भामा : कुणीच नाय. चूलबंद तुला कुणी सुचवलं?

काशिराम : सुचवायला कशाला लागतं?

भामा : गावदेवीच्या देवळाकडे तोंड करून बोल.

काशिराम : त्यानेच सुचवलं.

कोमल : कोणी?

काशिराम : तोच तो. कानाला लागला होता तो. परवा घरी आला होता. म्हणाला, भाऊ, पाडा तुमच्यावर रागावलाय, एकदा सगळ्यांना बोलावून जेवू घाला. एक माणूस मागे ठेवू नका. बस आम्ही देतो. ...चांगलंच सुचवलं ना? वाईट काय होतं त्यात?

भामा : येताना पोकलेन कुठं उभा हाय, बघितलास?

काशिराम : नाही.

भामा : कसा बघणार? तुझ्या गाडीच्या काचा काळ्या. काल मोठ्या रस्त्याला होता. आज सकाळी भरावाच्या बांधाच्या टोकाला आणलाय. मागे डंपर भरून उभे हायत, ओळीने. आणि डंपरच्या सावलीत ड्रायव्हर झोपलेत. दिवसा झोपलेला ड्रायव्हर रात्री काय करतो रे?

कोमल : पप्पा?

काशिराम : नाही. तसं नसेल. मला सांगितलं असतं.

भामा : तुला कशाला सांगतील? तुला भायेर जायला सांगितलं, तू गेलास. आता पाड्याला भायेर न्यायला सांगितलं, तू दोन बस लावल्यास.

काशिराम : आते...

भामा : खाडीच्या तोंडाला एक होडी जाईल एवढी फट उरलीय. परवा दोनदा भरायला आले, दोनदा आमच्या बाया आडव्या झाल्या. पाड्यात माणूस हाय तोवर फट हाय. आज रातच्याला माणूस नाय. आमी तुझ्या मांडवात हाडं चोखत बसणार, आणि परत येऊ तेव्हा दारात डबकं.

कोमल : तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?

काशिराम : तुझी शपथ, नव्हतं. मला वाटलं, मान देतोय. मी स्वतः बसून घरांची नावं सांगितली कृष्णकांतला. एक घर सुटू नये म्हणून. ...कोमल, माझ्याकडे असं बघू नको. मला खरंच वाटलं मान देतोय.

भामा : म्हणून मी येत नाय. रागाने नाय. राग असता तर मांडवात येऊन काढला असता, सगळ्या तालुक्यापुढं. पाडा काय, निम्मा जाणार तुझ्याकडे. हळदीचं मटण कोण सोडतंय? मी मातर फटीत होडी आडवी लावून बसणार हाय.

काशिराम : एकटी? भरतीचं पाणी चढतं रात्री. ते थांबणार नाहीत तुझ्यासाठी. म्हातारी आहेस तू.

भामा : म्हातारीचं वजन नाय धरत कुणी, ठावं हाय मला. तरी बसणार.

कोमल : आजी, धवले मांडवातच म्हणावे लागतात का?

भामा : नवरी बसेल तिथं म्हणायचे. खांब रोवला, पाट ठेवला, नवरी बसली, की तो मांडव. का गो?

कोमल : मग पाट बांधावर ठेवू. मी तिथे बसते.

काशिराम : डोकं फिरलंय का तुझं?

कोमल : पोकलेन हळदीच्या नवरीवर माती टाकेल का, पप्पा? आणि बायका तिथे आल्या, वाजंत्री आली, की पाडा येईलच. मटण गाडीत घालून आणता येतं.

काशिराम : तुझ्या सासरची माणसं! खारघरच्या फ्लॅटमध्ये राहणारी, ऑफिसला जाणारी माणसं! त्यांना काय सांगणार?

कोमल : थांबा, सांगतेच. ...अपूर्व, ऐक ना. तुझी हळद झाली? मग उष्टी हळद घेऊन पनवेलला नको यायला. तिवरपाड्याला. हो, तोच. नाही, घरात नाही, बांधावर. खाडीवर, अरे. कारण नंतर सांगते, मोठं आहे. आईंना फोन देतो म्हणतोस? नको, तूच सांग, तुझं ऐकतात. हो, मी ठीक आहे. ...नाही रे, रडत नाहीये. ये तू. ...तो विचारतोय, चप्पल चालेल का बूट घालू.

भामा : अनवाणी ये म्हणावं. चिखल हाय.

काशिराम : तुम्हाला दोघींना हे सोपं वाटतंय. आठला मंत्री येणार, त्याच्याबरोबर पक्षाचे सगळे. त्यांना सांगू, हळद बांधावर आहे? ठेकेदाराच्या पोकलेनसमोर? म्हणजे मी सरकारच्या विरोधात बसलो. विस्तारातून नाव जाईल, ते गेलंच समज. पुढच्या वेळी तिकीटही नाही. मग काय? मास्तरकी तर केव्हाच सुटली. होडी मला चालवता येत नाही. आमदार नाही, तर मी कोण आहे, मला आठवत नाही, कोमल. भीती वाटते मला.

भामा : मला आठवतं. कणगीतून वर आलास तेव्हा केसांत भाताचं तूस होतं आणि म्हणालास, आते, भूक लागलीय. तोंडात भाकरी, आणि तोंड भरलेलं असताना म्हणालास, उद्या परत जायचंय. मारतील म्हटलं मी. तू म्हणालास, मारू दे.

काशिराम : तेव्हा माझं जाण्यासारखं काही नव्हतं.

भामा : खाडी होती की.

कोमल : पप्पा, मी तुम्हाला चला म्हणत नाही. तुम्ही पाहुणे सांभाळा. आईला मी घेऊन येते इथे. फक्त मला अडवू नका.

भामा : तिचं बरोबर हाय. तुला कुणी ओढत नाय, काशिराम. पहिली हळद आई लावते. बाप नसला म्हणून धवला अडत नाय. देवांना बोलवेन, पितरांना बोलवेन, तुझ्या आईला बोलवेन. तुझ्या नावाशी आले, की एकदा पुकारीन. नसलास तर पुढचा विषय.

काशिराम : असं बोलू नको गं, आते.

भामा : मग कसं बोलू?

काशिराम : परत फोन. कृष्णकांत. ...हं. हं. बोला. नाही, निघालो नाही अजून. ऐका आधी. त्या दोन बस कुठे आहेत? निघाल्या? परत फिरवा. कारण मी सांगतोय म्हणून. आणि मंत्र्यांच्या माणसांना कळवा, हळदीची जागा बदललीय. हो, आत्ता बदलली. तिवरपाडा. बांधाच्या टोकाला, जिथे काम चालू आहे तिथेच. ...यायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. ...हो, कळतंय मला. नाही कृष्णकांत, शुद्धीवर आहे. मला चांगलं कळतंय काय होईल ते. तुम्ही यात नका पडू, तुमची नोकरी आहे, तुम्ही पाहुण्यांना नुसता निरोप द्या. ठेवतो.

कोमल : पप्पा...

काशिराम : बोलू नको आता. बोललीस तर मी परत फोन लावेन. ...बांधावर खाली ओल असेल, आते. बायका बसणार कशा? मांडवातल्या सतरंज्या पाठवतो.

भामा : पाठवू नको. घेऊन ये.